खडे मसाले घालूनही पदार्थाला वास का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की पुलाव असो की व्हिएतनामी फो (नूडल्स घातलेला रस्सा), दालचिनी, लवंग, चक्रफूल सगळं घालता, तरी ताटात वास येत नाही आणि प्रमाण वाढवलं की कडवट लागतं. मसाला कमी पडतोय असं मला नाही वाटत. तो कधी आणि कशात पडतोय, तिथे बघा.

मसाल्याचा वास म्हणजे त्यातलं उडून जाणारं तेल. ते पाण्यात फारसं उतरत नाही, तेला-तुपात पटकन उतरतं. खळखळ उकळत्या रश्शात मसाला टाकला की बराचसा वास वाफेवर निघून जातो. घरभर घमघमाट सुटतो तेव्हा आपण खूश होतो, पण तेवढा वास पातेल्यातून गेलेला असतो.

म्हणून तेल मध्यम तापलं की जाड मसाले आधी: दालचिनी, मसाला वेलची, चक्रफूल. आच मंदच ठेवा. चक्रफुलाचा रंग जरा गडद होतो आणि बडीशेपेसारखा गोडसर वास येतो (दोन्हींतला वासाचा घटक एकच आहे, अ‍ॅनेथॉल). मग लवंग, ती टम्म फुगते. तमालपत्र आणि जिरं सगळ्यात शेवटी, कारण ते काही सेकंदांत करपतं. लगेच कांदा घाला, त्याच्या पाण्याने तेलाची धग उतरते. तुमचा कडवटपणा बहुधा इथलाच, नाहीतर जास्तीच्या चक्रफुलाचा. चार माणसांच्या पुलावाला एक फूल पुष्कळ झालं.

थाई करीतही हेच चालतं. नारळाचं घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवायचं आणि त्या तेलात वाटण परतायचं. मकरूट लिंबाची पानं मात्र फाडून शेवटी.

फोची गोष्ट वेगळी, तिथे परतणं नाही. मी मसाले कोरडेच भाजते, फडक्यात पुरचुंडी बांधते आणि शेवटच्या पाऊण तासात रश्शात सोडते. रस्सा तेव्हा नुसता हलत असावा, उकळू नये. आलं-कांदा आधी थेट आचेवर काळपट भाजलेला हवाच, त्यात टाळाटाळ नको.

कोणी फारसं सांगत नाही म्हणून एक सांगते. चिनी सिचुआन मिरी आणि कोकणातलं तिरफळ एकाच कुळातले. दोन्हींनी जिभेला मुंग्या येतात, दोन्हींचा वास सालीत असतो आणि आतली काळी बी काढून टाकायची असते. आम्ही तिरफळं बांगड्याच्या तिखल्यात नुसती ठेचून घालतो. वाटणात घातली की कडवटपणा येतो. सिचुआन मिरी हलकी भाजून, भरडून मापो टोफू या तिखट चिनी पदार्थावर शेवटी भुरभुरवतात. हे दोन्ही ज्याने एकदा खाल्लंय त्याला ही भावकी जिभेवर लगेच कळते, आणि मला तर त्या दिवशी फार आनंद झाला होता.

हे सगळं करूनही वास आला नाही, तर डबा तपासा. लवंग घ्या, देठात नख रुतवा. ताज्या लवंगेतून तेलाचा ओलसरपणा वर येतो. कोरडी, भुसभुशीत लागली तर तिच्यात आता उतरवण्यासारखं काही उरलेलं नाही. नवी आणा, पण पन्नास ग्रॅमच.