चकचकीत स्क्रीन की मॅट?

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवते. दुकानाचं तोंड पश्चिमेला, समोर रस्ता आणि पलीकडे पांढऱ्या रंगाचं मोठं गोडाऊन. आलेल्या माणसाला स्क्रीन दिसावा म्हणून मी रस्त्याकडे पाठ करून बसते. सकाळी लॅपटॉपात ते गोडाऊन, जाणारे ट्रॅक्टर आणि माझाच चेहरा दिसतो, अर्जातली अक्षरं शोधावी लागतात. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात. आता 45 हजारांपर्यंत नवा लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, चकचकीत टच स्क्रीन घ्या, रंग कसे उठून दिसतात पाहा. भाचा म्हणतो, मॅटच घे. मुलगी बारावीनंतर डिझाइन शिकणार आहे, तीही हाच वापरेल. काय घेऊ?

उत्तर : ताई, मॅट घ्या. पण त्याआधी, आजच, टेबल फिरवा. टेबल तसंच राहिलं तर नव्या मशीनवरही तुम्हाला हेच पत्र लिहावं लागेल.

पॉलिश केलेल्या फरशीत वरचा पंखा फिरताना दिसतो, सारवलेल्या ओसरीत दिसत नाही. उजेड दोन्हींवर पडतो. फरशी तो जशाचा तसा परत पाठवते, ओसरी चहूकडे पसरवून टाकते. मॅट स्क्रीनच्या वरच्या थराला मुद्दाम अगदी बारीक खरखरीतपणा दिलेला असतो. त्यामुळे गोडाऊनचं चित्र मोडतं, पण गोडाऊनचा उजेड जात नाही. तो पांढुरक्या धुक्यासारखा सगळ्या स्क्रीनवर पसरतो आणि काळी अक्षरं राखाडी होतात.

आता हिशेब पाहा. साध्या काचेवर समोरून आलेल्या उजेडापैकी सुमारे 4 टक्के परत फिरतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सकाळचं ऊन अंगावर घेतलेल्या पांढऱ्या भिंतीची उजळता सहज 10 हजार निट्सच्या (निट हे उजळता मोजायचं माप) पुढे जाते. तिचे 4 टक्के म्हणजे 400. तुमच्या बजेटमधल्या बहुतेक लॅपटॉपचा स्क्रीन पूर्ण उजळला तरी 250 निट्सच्या आसपास असतो. म्हणजे अर्जाच्या पांढऱ्या पानापेक्षा समोरचं गोडाऊनच जास्त उजळ दिसतं. ही लढाई कुठल्याच स्क्रीनला झेपत नाही.

म्हणून टेबल असं लावा की रस्ता तुमच्या पाठीशीही नको आणि समोरही नको, एका बाजूला यावा. डोक्यावरची ट्यूबलाइटही पाठीमागून स्क्रीनवर उतरत असेल तर सरकवून घ्या. तीन वाजल्यानंतर पश्चिमेचं ऊन थेट आत येणार, त्याला शटरच्या बाहेर हिरवी जाळी बांधा. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्धा बाजार ती बांधतोच, तुम्ही बारा महिने ठेवा.

हे मी इतकं जीव तोडून सांगतो, त्याला कारण आहे. मी 2006पासून वरूडला दुरुस्तीचं काम करतो, सुरुवातीला अर्जही भरून द्यायचो. एकदा ट्यूबलाइटची तिरीप नेमकी गट नंबरवर पडली होती आणि मी 3च्या जागी 8 भरला. तो माणूस संत्र्याच्या बागेचं ओलित सोडून दोन वेळा तालुक्याला गेला. मला बोलला काहीच नाही, फक्त विचारलं, "काहून असं झालं भाऊ?" तेव्हापासून मी कोणाच्याही दुकानात गेलो की आधी खिडकी कुठे आहे ते पाहतो.

टेबल फिरवलं की लोक तुमच्या बाजूला उभे राहतील, त्यामुळे त्यांना तिरक्या कोनातूनही नाव, खातं, गट नंबर स्पष्ट दिसला पाहिजे. त्यासाठी आयपीएस पॅनल मागा, म्हणजे बाजूनेही नीट दिसणारा स्क्रीनचा प्रकार. टीएन या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलवर बाजूने रंग फिके, बदललेले दिसतात आणि बिचारा माणूस न वाचताच "हो, बराबर हाय" म्हणून अंगठा देतो. माझ्या मते तुमच्या धंद्यात चकचकीत की मॅट यापेक्षाही हे मोठं आहे. दुसरी मागणी उजळतेची : 300 निट्स मिळाले तर उत्तम. टच स्क्रीन बहुधा चकचकीतच असतो, अर्ज भरायला त्याचा उपयोग नाही, सोडून द्या.

मुलीचं म्हणाल तर अंधाऱ्या खोलीत चकचकीत स्क्रीनवर काळा रंग जास्त गडद दिसतो, मॅटवर पांढरं पान बारीक रवाळ वाटू शकतं, हे खरं आहे. पण रंग किती दाखवता येतात हे पॅनल ठरवतं, वरचा थर नाही. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत '45 टक्के एनटीएससी' लिहिलेलं असतं, म्हणजे रंगांच्या ठरलेल्या मापापैकी निम्म्याहून कमीच रंग दिसतात. तिच्यासाठी '100 टक्के एसआरजीबी' (संगणकावरच्या रंगांचं नेहमीचं माप) लिहिलेला शोधा, तो मॅटमध्येही मिळतो. बजेटात बसला नाही तर केंद्रासाठी साधा घ्या आणि तिला पुढे वेगळा मॉनिटर घेऊन द्या.

डोळ्यांसाठी मॅट हे औषध नव्हे. टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, त्यात आपली उन्हाळी कोरडी हवा. दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे थोडा वेळ पाहत जा. टेबल फिरवूनही चुरचूर राहिली तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि भर उजेडात स्क्रीनचा काळा रंगसंच (डार्क मोड) वापरू नका, काळ्यावर प्रतिबिंब अधिक उठतं.

दुकानात गेलात की लॅपटॉप बंद ठेवून स्क्रीनमध्ये पाहा. ट्यूबलाइट सरळ रेघेसारखी दिसली तर चकचकीत, नुसता पांढरा फराटा दिसला तर मॅट. घरी आणल्यावर कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. बोअरच्या पाण्याचे शिंतोडे वाळले की मॅटच्या खरखरीत थरात क्षार बसतात आणि दुपट्ट्याच्या टोकाने घासून ते निघत नाहीत. मऊ मायक्रोफायबर कापड डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलं करा, तेच बॅटरीत घालतात ते पाणी, आणि मशीन बंद करून हलक्या हाताने पुसा. काच पुसायचा फवारा मात्र त्यावर मारू नका.