बायबलमधल्या प्रसंगांचं चित्र बघून अंगावर काटा यावा, यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की किरणं, सोनेरी ढग, डोक्यामागे वलय सगळं टाकलं, तरी चित्र कॅलेंडरछापच दिसतं. आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, असंही विचारलंय. सॉफ्टवेअरचं मला विचारू नका. मी सोलापुरातला पेंटर, फ्लेक्स येईपर्यंत दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरलं. किरणांचं मात्र सांगतो: पुसून टाका, त्यांनीच घात केलाय.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलच्या हॉलसाठी मला मांजरपाटावर मोठा पडदा रंगवायला सांगितला होता. विषय, प्रभू वादळ शांत करतो. सगळ्यांच्या डोक्यात लाटा, वीज आणि वर उचललेला हात. मी बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा 4था अध्याय काढून बसलो. तारू पाण्यानं भरतंय तेव्हा शिष्य ओरडतात, ठीक आहे. पण ते अतिशय घाबरले असं मार्क लिहितो ते वारा पडल्यावर! हा आहे तरी कोण, वारा आणि समुद्रही याचं ऐकतात? मग मी वादळ काढलंच नाही. सपाट पाणी काढलं. त्यासाठी संध्याकाळी हिप्परग्याच्या तलावावर जाऊन बसायचो, वारा पडायची वाट बघत. तारू लहान. प्रभू एका टोकाला पाठमोरा उभा, बाकीचे त्याच्यापासून सरकून दुसऱ्या टोकाला दाटीनं बसलेले, एकाच्या हातात पाणी उपसायचं भांडं तसंच राहिलेलं. अंधार डब्यातल्या काळ्यानं नाही केला, तो मेलेला दिसतो. बर्न्ट अंबर म्हणजे गडद तपकिरी, त्यात अल्ट्रामरीन निळा घातला. पांढरा फक्त क्षितिजावर, एक पट्टी.

कमिटीतले एक काका आले. "काय ओ पेंटर, देव बोटाएवढा काढलाय की ओ!" त्यांना चेहरा पाहिजे, वलय पाहिजे, वर डोळे निळे पाहिजेत. गालीलातल्या यहुदी सुताराचे डोळे निळे! चित्रकार आंजेलो दा फोन्सेकांनी पुण्यात राहून चित्रात येशूच्या आईला, मरियेला, साडी नेसवली, ते वारले 1967 मध्ये. आमचे काका अजून निळ्या डोळ्यांवर. मी म्हटलं, बायबलातल्या यशयाच्या पुस्तकात, 6व्या अध्यायात, देवाच्या नुसत्या वस्त्राच्या घोळानं मंदिर भरलंय, सराफीम नावाचे देवदूतसुद्धा तोंड झाकून घेतात. निर्गमाच्या पुस्तकात, 33व्या अध्यायात, मोशेला देवाची पाठ दिसते, मुख नाही. शास्त्रच हात राखून दाखवतं, आणि तुम्हाला पासपोर्ट फोटो पाहिजे? काका म्हणाले, पाटीवाल्यानं शास्त्र शिकवू नये. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, हे त्यांना कोण सांगणार.

पडदा गेला जिन्याखाली. समोर फ्लेक्स लागला, निळ्या डोळ्यांचा.

इटलीचा चित्रकार काराव्हाज्जो, त्यानं 1600च्या सुमारास येशू मत्तयाला शिष्य व्हायला बोलावतो तो प्रसंग रंगवला, त्यात येशू उजव्या कडेला सावलीत आहे आणि त्याचं बहुतेक अंग पेत्र या शिष्याच्या आड. चेहऱ्याचा तुकडा आणि एक हात, बास. डच चित्रकार रेम्ब्रांटनं 1653 मध्ये तीन क्रूसांचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, आणि पुढे त्याच पत्र्यावर परत हात चालवून बरीचशी गर्दी अंधारात बुडवली. या दोघांनाही आमच्या कमिटीनं जिन्याखालीच पाठवलं असतं.

तुम्ही एवढं करा. चित्र काळं-पांढरं करून अगदी लहान करून बघा. उजेड चार ठिकाणी दिसला तर तीन ठिकाणचा मारा. आणि देवावर कमी, त्याच्याकडे बघणाऱ्या माणसांवर जास्त मेहनत घ्या.

हे एका प्रोटेस्टंट पेंटरचं मत आहे, हेही सांगून टाकतो. ऑर्थोडॉक्स पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या आयकॉनमध्ये, म्हणजे पूजेतल्या चित्रांत, मागे सोन्याचा वर्ख असतो आणि तिथे तो शोभतो, म्हणजे सोनं वाईटच असं नाही. तुमचं चित्र नुसतं ऑनलाइन टाकायचं असेल तर काढा मनासारखं. मंडळीसाठी असेल तर प्रभूचा चेहरा केवढा, डोळे कुठल्या रंगाचे, हे कमिटीकडून आधी कागदावर सहीनिशी घ्या, आणि निम्मे पैसे आगाऊ.