आवाज कुणाचा? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात स्टुडिओ घिबली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या पिक्चरांवर दोन पानं काय छापली, तुम्ही लोकांनी 'सब की डब' (म्हणजे मूळ जपानी आवाज आणि खाली सबटायटल, की इंग्रजी आवाज) यावरून मेलबॉक्समध्ये नुसता राडा घातलाय. म्हणून यावेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला, फक्त इंग्रजी डबिंग आणि त्यातले मोठमोठे स्टार.

जपानी पिक्चर इंग्रजीत आणताना रोज डबिंग करणारे कलाकार सोडून हॉलिवूडचे स्टारच का घेतात? तिकिटं खपतात म्हणून?
– एक वाचक, नाशिक

खपतील या आशेवर घेतात, खपतातच असं काही नाही. 'प्रिन्सेस मोनोनोके'चंच बघ ना. 1999 ला तेव्हा डिस्नीच्या मालकीच्या मिरामॅक्स कंपनीने अमेरिकेत लावला, त्यात क्लेअर डेन्स, बिली क्रूडप, मिनी ड्रायव्हर, बिली बॉब थॉर्नटन, लांडग्यांची आई मोरो म्हणून 'एक्स फाइल्स'वाली जिलियन अँडरसन, वर इंग्रजी संवाद लेखक नील गेमनकडून लिहून घेतले, म्हणजे वऱ्हाड केवढं मोठं, आणि कमाई झाली 23 लाख डॉलरच्या आसपास. जपानमध्ये याच पिक्चरने 1997 ला कमाईचे सगळे रेकॉर्ड मोडले होते. आता उलट केस. 'स्पिरिटेड अवे'च्या डबमध्ये पोस्टरवर मिरवावं असं एकही नाव नव्हतं, हिरॉइन चिहिरोचा आवाज डेव्ही चेज नावाच्या लहान मुलीचा, आणि तो 2003 ला ऑस्कर घेऊन गेला.

मग तरी का घेतात? माझ्या मते याचं मूळ 1985 मध्ये आहे. तेव्हा घिबलीचे डायरेक्टर हायाओ मियाझाकी यांचा 'नौसिका' अमेरिकेत 'वॉरियर्स ऑफ द विंड' या नावाने आला आणि त्यातली वीसेक मिनिटं सरळ कापून फेकली होती. मियाझाकी आणि मंडळी इतकी भडकली की 1996 मध्ये डिस्नीबरोबर करार झाला तेव्हा अट एकच, एक फ्रेमही कापायची नाही. तरी मिरामॅक्सचा हार्वी वाइनस्टीन 'मोनोनोके' लहान करा म्हणून मागे लागलाच, तेव्हा घिबलीचे प्रोड्युसर तोशिओ सुझुकी यांनी त्याला समुराई तलवार दिली, सोबत निरोप, 'नो कट्स'. (मियाझाकींना एका मुलाखतीत याबद्दल विचारलं तर ते म्हणाले मी नाही, माझ्या प्रोड्युसरने केलं.) आता कात्रीच काढून घेतल्यावर अमेरिकन कंपनीच्या हातात उरतं काय? माईक. चित्र बदलता येत नाही, गोष्ट बदलता येत नाही, डायरेक्टरचं नाव तिकडच्या प्रेक्षकाला तेव्हा माहीत नाही, मग टीव्हीवर मुलाखतीला बसवता येईल आणि थिएटरवाल्याला कळेल असं एखादं नाव आणायचं, बस.

आमची मुलगी सहा वर्षांची आहे, नेटफ्लिक्सवर टोटोरो इंग्रजीत बघते. माझा भाचा म्हणतो मावशी हे पाप आहे, जपानीतच दाखव. तिला वाचायला कुठे येतंय अजून! काय करू?
– एक आई, ठाणे

ताई, पापबिप काही नाही, भाच्याला सांगा आधी स्वतः जपानी शिकून ये. सहा वर्षांच्या पोराने सबटायटल वाचायचे की चित्र बघायचं? आणि टोटोरोच्या बाबतीत तर स्टार घेऊन खरंच भलं झालंय. डिस्नीच्या डबमध्ये पिक्चरमधल्या दोघी बहिणी सात्सुकी आणि मेई म्हणजे डकोटा आणि एल फॅनिंग, सख्ख्या बहिणी. दोघी तेव्हा खरोखर लहान होत्या त्यामुळे मेई जेव्हा भोकाड पसरते ना तेव्हा ते कुणा मोठ्या बाईने आवाज बारीक करून काढलेलं रडणं वाटत नाही, ते शेजारच्या घरातून येतं तसलं रडणं आहे.

'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' दाखवणार असाल तर मात्र एक सांगून ठेवते. किकी ही छोटी चेटकीण, तिचा काळा बोका जीजी, जपानीत त्याचा आवाज रेई साकुमा या बाईंचा, बारीक, जरा घाबरट, म्हणजे किकीच्याच वयाचा सोबती. डिस्नीने तिथे फिल हार्टमनला आणलं, हा 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'चा कॉमेडियन, त्याने जीजीला टोमणे मारणारा पक्का बेरकी गडी करून टाकला, आणि जिथे मूळ पिक्चरमध्ये बोका गप्प आहे तिथेही वाक्यं कोंबली. मजा येते, नाही असं नाही, हार्टमनचं टायमिंग बापच होतं. पण शेवटाला गडबड आहे. मूळ पिक्चरमध्ये जीजीची भाषा किकीला कळेनाशी होते ती पुन्हा कळतच नाही, शेवटी तो तिच्या खांद्यावर येतो आणि फक्त म्याव करतो, पोरगी मोठी झाली एवढं त्यात सगळं आलं. 1998 च्या डबमध्ये तो तिथे परत बोलायला लागतो. म्हणजे पिक्चरचा अर्थच फिरला की! पुढे 2010 च्या डीव्हीडीत यातली बरीचशी जादा बडबड काढून टाकली. 'कॅसल इन द स्काय'मध्येही असंच, शांतता दिसली की भर काहीतरी, तिथे तर मूळ संगीतकार जो हिसाइशींकडूनच जादा म्युझिक करून घेतलं होतं. स्टार परवडले, ही गप्प बसायची भीती जास्त वाईट.

मी कॉलेजला एकांकिका करते, डबिंगमध्ये जायचंय. हे स्टार लोक जाऊन नुसतं वाचून येतात का? त्यांना जमतं कसं?
– एक वाचक, डोंबिवली

सगळ्यांना जमतच नाही गं. हॉलिवूडच्या स्वतःच्या कार्टून पिक्चरमध्ये आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि मग त्यावर चित्र काढतात, त्यामुळे नट तिथे राजा असतो, त्याने मध्येच काही सोडलं तरी चित्रकार त्याच्यामागे धावतात. जपानी पिक्चर डब करताना चित्र तयार होऊन बसलेलं असतं. बूथमध्ये एकटं उभं राहायचं, समोर स्क्रीन, कानात तीन बीप, चौथा बीप वाजत नाही त्या जागी तोंड उघडायचं आणि पात्राचं तोंड मिटायच्या आत वाक्य संपवायचं. समोर दुसरा नट नसतो, त्याची वाक्यं झालीच असतील रेकॉर्ड तर कानात येतात, नाहीतर डायरेक्टर वाचून दाखवतो. एकांकिकेत समोरच्याने वाक्य खाल्लं तर तू सांभाळून घेतेस, इथे सांभाळायला कुणी नाही.

अजून एक लोचा. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच, म्हणजे 'मी तुला तिथे जाऊ...' इथे पॉझ आणि मग 'देणार नाही'. चेहरा बदलतो तो त्या शेवटच्या शब्दावर. इंग्रजीत 'नाही' आधीच बोलून झालेलं असतं, त्यामुळे चेहरा पडेपर्यंत बातमी शिळी. इंग्रजी संवाद लिहिणाऱ्याचा अर्धा जीव यातच जातो. मराठीत डब करायला घेतलं तर ही एक कटकट तरी वाचेल असं मला कायम वाटतं, कुणीतरी घ्या की मनावर.

जमलेलं उदाहरण ऐकायचंय तर 2023 चा 'द बॉय अँड द हेरॉन' इंग्रजीत ऐक. त्यातला बगळा म्हणजे रॉबर्ट पॅटिन्सन. घशातून खरवडून काढलेला, चिकट, किळसवाणा आवाज, आणि पक्ष्याच्या चोचीतून टक्कल पडलेला म्हातारा बाहेर डोकावायला लागतो तेव्हा तो आवाज त्या चेहऱ्याला इतका फिट बसतो की श्रेयनामावली येईपर्यंत 'ट्वायलाइट'मधला गोरागोमटा व्हॅम्पायर डोक्यात येतच नाही. तो डब ज्याने डायरेक्ट केला तो मायकल सिंटरनिक्लास स्वतः डबिंगवाला आहे, 'युअर नेम' या जपानी पिक्चरच्या इंग्रजी डबमधला हिरो ताकी त्याचाच. मला वाटतं फरक तिथे पडतो, काचेच्या पलीकडे बसलेल्या माणसाला बूथमधली गंमत माहीत असली की स्टारलाही घाम फुटतो.

हे स्टार येऊन खऱ्या डबिंग आर्टिस्टच्या पोटावर पाय देतात. जपानमध्ये असले धंदे चालत नाहीत, तिथे आवाजाच्या कलाकाराला मान आहे. यावर तुमचं म्हणणं छापाल का?
– एक संतप्त वाचक, पुणे

छापतो की. पहिलं वाक्य बरोबर, एका नावाजलेल्या चेहऱ्यामागे रोज घसा फोडणाऱ्या कुणाचा तरी रोल जातोच. दुसऱ्याबद्दल मात्र तुमचा गैरसमज आहे साहेब. जपानमध्ये आवाजाच्या कलाकारांना मान आहे हे खरं, पण खुद्द मियाझाकी त्यांना बाजूला ठेवून बाहेरचे लोक आणतात. टोटोरोतले बाबा म्हणजे शिगेसातो इतोई, पेशाने जाहिराती लिहिणारा. 'द विंड राइझेस'चा हिरो म्हणजे 'इव्हँगेलियन' या कार्टून सिरीजचा डायरेक्टर हिदेआकी आन्नो, पेशाने नट नाही, आवाज सपाट, आणि मियाझाकींना तो सपाटपणाच हवा होता. 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'मधला हाउल म्हणजे ताकुया किमुरा, स्मॅप या बॉय बँडचा, जपानमध्ये पोरी ज्याच्यासाठी वेड्या होत्या तो. इंग्रजीत ख्रिश्चन बेल. आणि गंमत बघा, 'द बॉय अँड द हेरॉन'मध्ये हिरो महितोचे वडील जपानीत किमुरा, इंग्रजीत पुन्हा बेल. कास्टिंगवाल्याने मुद्दाम जुळवलं असणार, मला तरी फार आवडलं.

पण 'हाउल'मध्येच तुमच्या बाजूचा एक मुद्दाही आहे, तो मीच देते. सोफी शापाने नव्वदीची म्हातारी होते. जपानीत तरुण आणि म्हातारी दोन्ही एकट्या चिएको बाइशो, आणि त्या काही वीस वर्षांच्या नव्हत्या हं, साठी ओलांडलेली बाई. इंग्रजीत दोन स्टार, तरुण एमिली मॉर्टिमर, म्हातारी जीन सिमन्स. दोघी वेगवेगळ्या ऐकल्या तर सुंदर. आता तो राजवाड्यातला सीन लावा, काचेच्या बागेत राजाची जादूगारीण मॅडम सुलिमनसमोर सोफी हाउलची बाजू घेऊन बोलायला लागते आणि बोलता बोलता, तिला स्वतःला कळायच्या आत, कंबर सरळ होते, सुरकुत्या जातात, ती तरुण होत जाते. बाइशोंच्या आवाजात ते हळूच चढत जातं, कुठल्या शब्दावर वय उतरलं ते सांगताच येत नाही. इंग्रजीत तिथे बाई बदलते. सांधा ऐकू येतो. दोन नावं पोस्टरवर आली, पण सोफी एक राहिली नाही.

मी आधी लंडनला होतो, आता इकडे. घिबलीचा 'अ‍ॅरिएटी' पुन्हा लावला तर आवाजच वेगळे! मला भास झाला का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

भास नाही हो. त्या पिक्चरचे इंग्रजी डबच दोन आहेत. ब्रिटनमध्ये 2011 ला आला त्यात सर्शा रोनन आणि टॉम हॉलंड, तो स्पायडरमॅन व्हायच्या आधीचा. डिस्नीने 2012 ला अमेरिकेत आणताना ब्रिजिट मेंडलर, एमी पोलर, विल आर्नेट घेऊन सगळं नव्याने केलं. गोष्ट मुळात इंग्लंडच्या पुस्तकातली, त्यामुळे मला विचाराल तर लंडनवालाच बरा.

आमची मुलं लहान असताना दूरदर्शनवर रविवारी मोगली लागायचा, त्यातल्या शेरखानला नाना पाटेकरचा आवाज होता असं मी नातवाला सांगतो तर तो हसतो. ते कार्टून जपानी होतं म्हणे?
– एक आजोबा, कोल्हापूर

आजोबा, तुमचं दोन्ही खरं. 1989 ची निप्पॉन अ‍ॅनिमेशनची सिरीज, आपल्याकडे 1993 ला हिंदीत आली, शेरखान नानाच. 2016 च्या डिस्नीच्या 'जंगल बुक'च्या हिंदी डबलाही पुन्हा नानालाच बोलावलं. आणि नातू फारच हसत असेल तर त्याला विचारा, जपान्यांनी केलेल्या रामायणाच्या कार्टून पिक्चरमध्ये राम कोण होता सांग बघू. हिंदीत अरुण गोविल, रावण अमरीश पुरी. आणि अमेरिकन डबमध्ये प्रभू रामचंद्र म्हणजे ब्रायन क्रॅन्स्टन, तोच, 'ब्रेकिंग बॅड'वाला.