आईची चिडचिड आणि मोडलेली झोप: पाळी जाण्यामुळे की नैराश्यामुळे?

तुमच्या आई 52 वर्षांच्या आहेत, नुकत्याच निवृत्त झाल्यात, पाळी अनियमित आहे, पहाटे तीनला जाग येते, कशात मन लागत नाही. हे वयामुळे की नैराश्य, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. ‘या वयात असं व्हायचंच’ म्हणून अंगावर काढू देऊ नका, दोन्हींवर चांगले उपचार आहेत.

आधी जाग कशाने येते ते विचारा. अंग एकदम तापून घाम फुटतो, पांघरूण फेकावं लागतं आणि थोड्या वेळाने थंडी वाजते, असं असेल तर ते रजोनिवृत्तीचं लक्षण. रात्रीतून तीन-चारदा अशी झोपमोड झाली की दिवसा चिडचिड आणि विसराळूपणा येणारच. घाम नाही, पण पहाटे जाग येते, तेव्हाच मन सगळ्यात जड असतं आणि दिवस चढेल तसं जरा हलकं वाटतं, तर नैराश्याची शंका घ्यावी. दोन आठवडे वहीत झोपेची वेळ, जाग, घाम, पाळी आणि मनःस्थितीला 10 पैकी गुण लिहून ठेवा. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो.

सोबत नैराश्य तपासणारी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली भरून घ्या. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. बेरीज 10 किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे जायचंच. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य नसेल तर बेरीज न बघता त्याच दिवशी दाखवा. असं थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी12 आणि साखर तपासून घ्या. यांतल्या बिघाडानेही असाच थकवा येतो. पाळी जात आहे का हे पाहण्यासाठीच्या एफएसएच या हार्मोनच्या तपासणीची मात्र 45 नंतर सहसा गरज नसते, कारण त्याची पातळी सतत वरखाली होत असते.

नैराश्यावरची गोळी लागू पडायला साधारण 2 ते 6 आठवडे जातात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते. म्हणून बऱ्याच जणी तिथेच सोडतात. काही जणी बरं वाटताच बंद करतात. बरं वाटल्यावरही किमान 6 महिने चालू ठेवून, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते. झोपेच्या गोळीवर महिनोन्‌महिने राहू नये: सवय लागते, तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

निवृत्तीमुळे दिवसाची घडी मोडते. रोज ठरावीक वेळी घराबाहेर पडण्याचं एक काम असू द्या, शक्यतो सकाळच्या उजेडात आणि कुणाच्या तरी सोबतीने.

डॉक्टरांना भेटण्याआधी आईंना एक विचारून ठेवा: बाळंतपणानंतर किंवा पाळीच्या आधी खूप उदास वाटायचं का? अशा बायकांना या काळात नैराश्याचा धोका जास्त असतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी पूर्वी झाली असेल तर तेही आठवणीने सांगा. रजोनिवृत्तीच्या त्रासावर हार्मोनची गोळी द्यायची की नाही, हे त्यावर ठरतं.