पाढे पाठ आहेत, पण वजाबाकी का चुकते?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा तिसरीत, सोलापुरातल्या मराठी शाळेत. घरी तेलुगू. पाढे घडाघडा म्हणतो, पण पंचवीस सांगितलं की 52 लिहितो, वजाबाकी हटकून चुकते. शिकवणी लावावी का?

शिकवणीचं नंतर बघू. पंचवीसचे 52 होतात हा धांदरटपणा नाही, त्याला त्यासाठी रागावू नका. मराठीत आधी 'पंच' कानावर पडतं, मग 'वीस'. तो ऐकलं तसंच लिहितो. तुमच्या घरी मात्र 'इरवै ऐदु', म्हणजे आधी वीस, मग पाच. कन्नड बोलणाऱ्या घरात 'इप्पत्तैदु', क्रम तोच. 29 तर आणखी अवघड: मराठीत ऐकू येतं तीस, लिहायचे मात्र वीस आणि नऊ. तेलुगूत सरळ 'इरवै तोम्मिदि'. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू वस्तीतल्या कितीतरी मुलांना हे दोन उलटे क्रम एकाच वेळी सांभाळावे लागतात.

म्हणून महिनाभर प्रत्येक संख्या दोनदा म्हणायला लावा: 'पन्नास तीन, त्रेपन्न'. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा मोठा वाद झाला होता. माझ्या मते अडखळणाऱ्या मुलाला त्याचा फायदाच होतो. फक्त जुनं नाव सोडू नका, बाजारात आणि घड्याळात तेच लागतं. तेलुगूत मोजू द्या, अजिबात अडवू नका.

आता वजाबाकी. त्याला 52 − 27 द्या आणि गप्प बसून बघा. उत्तर 35 आलं तर तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय: 7 मधून 2 गेले 5, 5 मधून 2 गेले 3. याचा अर्थ 52 हे त्याच्यासाठी पाच दशक आणि दोन सुटे नाहीत, शेजारी बसलेले दोन अंक आहेत. अशा वेळी आणखी पन्नास गणितं घातली तर चूकच पाठ होते.

खराट्याच्या किंवा आइस्क्रीमच्या शंभरेक काड्या आणि रबरबँड घ्या. दहा-दहाचे गठ्ठे त्यानेच मोजून बांधायचे. तुम्ही बांधून दिलेत तर गठ्ठ्यात दहाच आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही, तो पुन्हा एकेक मोजतो. 52 म्हणजे 5 गठ्ठे, 2 सुट्या. आता 27 काड्या मागा. 7 सुट्या देता येत नाहीत, मग एक गठ्ठा सोडायचा: 4 गठ्ठे, 12 सुट्या. त्यातून 7 सुट्या आणि 2 गठ्ठे दिले, उरले 25. लगेच 25 + 27 करून 52 येतात का, हे त्यालाच तपासू द्या. रबरबँड काढल्यावरच वहीत 5 खोडून 4 लिहायचे, आधी नाही. हाताची कृती आणि वहीतली खूण एकाच वेळी झाली की हातचा कळतो. वही चौकटीची घ्या, एका चौकटीत एक अंक. बऱ्याच चुका अंक तिरपे सरकल्याने होतात.

शून्य मध्ये आलं की पुन्हा गडबड होते. 403 − 168 मध्ये दशकाच्या घरात घ्यायला काहीच नाही, म्हणून मुलं 365 लिहून मोकळी होतात. इथे 40 दशक आणि 3 सुटे असं बघायला शिकवा. एक दशक सोडला की 39 दशक आणि 13 सुटे. उत्तर 235.

तीनशे पाच ऐकून 3005 लिहीत असेल तर जाड कागदाची कार्डं करा: शतकाची (100 ते 900) 9 सेंटिमीटर लांब, दशकाची 6, एककाची 3, प्रत्येकी नऊ. 300 वर 5 चं कार्ड उजवी कड जुळवून ठेवलं की शेवटचं शून्य झाकतं आणि 305 दिसतं.

बोटांवर मोजतो म्हणून ओरडू नका. फक्त 8 + 5 करताना तो 'आठ'पासून मोजायला लागतो का, ते बघा. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा असं म्हटलं की उत्तर एकने कमी येतं. आठ मनात ठेवून 'नऊ'पासून बोट उघडायचं. सोबत दहाच्या जोड्या (8 आणि 2, 7 आणि 3) इतक्या पक्क्या करा की विचारताक्षणी उत्तर यावं. पाढेही मधूनच विचारा. 'सात आठे?' ला तो 'सात एके सात'पासून सुरू करत असेल तर पाढा पाठ आहे, गुणाकार नाही. सात साते एकोणपन्नास, आणखी एक सात, छप्पन्न, असं बांधायला लावा.

शाब्दिक उदाहरणं आधी तेलुगूत सांगायला लावा. 'राजूकडे 35 गोट्या आहेत, मीनापेक्षा 8 ने जास्त. मीनाकडे किती?' यात 'जास्त' दिसलं की मुलं बेरीज करतात. घरच्या भाषेत गोष्ट सांगताना ही चूक तिथल्या तिथे लक्षात येते.

रोज 15-20 मिनिटं, चार-पाच गणितं, बस्स. दोन-तीन महिने नेमाने करूनही 7 मोठे की 9 हे मोजल्याशिवाय सांगता येत नसेल, किंवा वाचनातही अडत असेल, तर आधी डोळे तपासा आणि मग बालरोगतज्ज्ञांना विचारा. गणितातली अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरली आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

शिकवणी लावायचीच असेल तर 52 − 27 आणि 403 − 168 ही त्याची चुकलेली पानं बाईंना दाखवा आणि तो कुठे चुकतोय असं विचारा. काड्या-गठ्ठ्यांकडे वळल्या तर लावा. 'सराव कमी पडतोय' एवढंच म्हणाल्या तर दुसरीकडे बघा.