१५० सीसी बाइकवर मनाली ते लेह दोन दिवसांत होईल का, की मोठी गाडी भाड्याने घ्यावी?

गाडीचं होईल. तुमचं होईलच असं नाही.

सीसीचा प्रश्न वाचला की मला माझा मेहुणा आठवतो. २०१६ साली आम्ही याच वाटेवरच्या सर्चूहून मागे का फिरलो, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. तो प्रत्येक लग्नकार्यात सांगतो, "कार्बुरेटरने (इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाने) दगा दिला." तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो.

त्याची साडेतीनशे, माझी दीडशे, दोन्ही कार्बुरेटरवाल्या. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला, त्यामुळे तेव्हा रोहतांग खिंडीवरूनच जावं लागायचं. अंधारातच मनाली सोडली. तांडीला टाक्या आणि कॅन भरून घेतले, कारण पुढे ३६५ किलोमीटर पंप नाही अशी पाटीच तिथे होती. जिस्पाला पोचलो तेव्हा दोन वाजले होते. नदीकाठी तंबू, उंची ३,२०० मीटरच्या आसपास. मी म्हटलं, इथेच थांबू. तर हा म्हणतो, "भावोजी, उजेड आहे तोवर सर्चू गाठू, उद्या रात्री लेहमध्ये जेवू." मी गप्प बसलो. तेवढी चूक माझी.

दुपारनंतर निघाल्यामुळे वाटेतले नाले फुगलेले होते. बर्फ दिवसभर वितळतं आणि पाणी संध्याकाळी चढतं, म्हणून नाले सकाळीच ओलांडायचे असतात. आम्ही बुटात पाणी घेऊन बारालाचा खिंड चढलो. दोन्ही गाड्या धापा टाकत होत्या. वर हवा विरळ, पण कार्बुरेटर पेट्रोल तेवढंच सोडतो, मग काळा धूर निघतो आणि ताकद मरते. माझी दीडशे पहिल्या गिअरवर रांगली, पण चढली.

सर्चूला तंबूत शिरेपर्यंत अंधार पडला होता. उंची ४,३०० मीटरच्या घरात. म्हणजे सकाळी २,०५० मीटरवरून निघालेला माणूस रात्री दुपटीपेक्षा जास्त उंचीवर झोपायला निघाला होता. वर थंडी आहे म्हणून मेहुण्याने दोन पेग घेतले. अकराला डोकं ठणकायला लागलं, एकला उलट्या. तीनला बाहेर जायला उठला आणि सरळ चालताच येईना. मला वाटलं, रम बोलतेय. हे कायम लक्षात ठेवा: उंचीवर पावलापुढे पाऊल टाकून सरळ रेषेत चालता येत नसेल तर मेंदूला सूज येत असल्याची शक्यता धरायची आणि खाली उतरायचं. "सकाळी बघू" म्हणायचं नाही. मी म्हटलं, आणि ती रात्र आठवली की आजही घाम फुटतो.

सर्चूची खरी गोम वेगळीच आहे. तिथून उतरायचं तरी आधी चढावं लागतं. मागे बारालाचा, जवळपास ४,९०० मीटर. पुढे गाटा लूप्सची २१ वळणं, नकी ला आणि ५,००० मीटरच्या वरचा लाचुंग ला (ला म्हणजे खिंड). त्यापुढे पांग इथे मुक्काम करावा, तर तेही सर्चूपेक्षा उंच. पुढे गेलात तर लेहच्या उंचीला उतरायला जवळजवळ पूर्ण दिवस जातो.

उजाडल्यावर याने गाडीला तीन किक मारल्या आणि खाली बसला. सातवी किक मी मारली, गाडी सुरू झाली. ती शेजारी भडभडत उभी होती आणि हा ओकत होता. कार्बुरेटरची गोष्ट ती एवढीच. गाडी तंबूवाल्याकडे ठेवली, याला मनालीकडे परतणाऱ्या रिकाम्या टँकरमध्ये बसवलं आणि मी मागून निघालो. दारचाला उतरला तेव्हा चहा मागत होता. केलाँगला दोन रात्री काढल्या, ट्रकने वर जाऊन गाडी आणली आणि त्याच गाडीवर, कार्बुरेटरचा तोच जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) ठेवून, हा पठ्ठ्या ५,३०० मीटरचा तांगलांग ला चढून गेला. मग दगा कुणी दिला?

तर तुमचं उत्तर: दोन दिवसांत नको. बोगद्यामुळे सुमारे ४६ किलोमीटर वाचतात, पण म्हणून त्याच दिवशी सर्चूला राहण्याचा मोह धरू नका. दोन रात्री जिस्पा किंवा केलाँगला काढा. मग पहाटे निघून त्याच दिवशी लेह गाठा. लांबलचक दिवस आहे, पण झोप खाली होते. खरं तर श्रीनगरहून जा आणि मनालीकडून परत या. झोजी ला ३,५२८ मीटर, कारगिलला पुन्हा खाली मुक्काम, मग फोतू ला ४,१०८. शरीराला वेळ मिळतो. लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसते लोळा.

सोबत क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल, ट्यूब किंवा पंक्चर किट, चेनची जोडकडी घ्या. इंजेक्शनवाली (हवेप्रमाणे पेट्रोल आपोआप मोजून सोडणारी) गाडी असेल तर जेटची भानगड नाही, ताकद मात्र तीही गमावतेच. प्रीपेड सिम बाहेरच्या राज्यातलं असेल तर लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या.

मी डॉक्टर नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरला सांगा. आणि काहींना पहिल्याच दिवशी सर्चूला काही होत नाही, हेही खरं. मलाही झालं नव्हतं.

भाड्याच्या गाडीचं राहिलं: लडाखबाहेरून भाड्याने आणलेली गाडी तिथले लोक नुब्रा, पँगाँगकडे फिरवू देत नाहीत, तिथे जाऊन पुन्हा दुसरी घ्यावी लागते. स्वतःची दीडशे धडधाकट असेल तर तीच न्या.