शिट्टी कुणाविरुद्ध? बास्केटबॉलमधल्या फाउलविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा बचावपटू बाजूला सरकत असताना आक्रमक त्याच्या छातीवर आदळला. 'तो हलत होता' म्हणून पंचांनी ब्लॉकिंग (बचावपटूचा फाउल) दिलं. दुसऱ्या सामन्यात अशाच धडकेला चार्जिंग (आक्रमकाचा फाउल)! नियमच संदिग्ध आहे का?

उत्तर : इथे नियम स्पष्ट आहे. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत बचावपटूने स्थिर उभं राहायलाच हवं, असं कुठेही नाही. प्रतिस्पर्ध्याकडे तोंड आणि दोन्ही पाय जमिनीवर, एवढ्यावर त्याची जागा वैध ठरते. त्यानंतर तो बाजूला किंवा मागे सरकू शकतो, सरळ वर उडीही मारू शकतो. धडक छातीवर बसली तर जबाबदारी बहुतेक वेळा आक्रमकाची. बचावपटूने खांदा, नितंब किंवा गुडघा बाहेर काढला, किंवा आक्रमक हवेत गेल्यावर त्याच्या वाटेत शिरला, तर मात्र ब्लॉकिंग.

चूक होते ती नजरेमुळे. पंच चेंडूमागे पाहत राहिले की बचावपटू आधी पोहोचला की नंतर, हे दिसतच नाही; दिसते ती फक्त पडापड. म्हणून ड्राइव्ह (चेंडू घेऊन बास्केटकडे मुसंडी) सुरू होताच बचावपटूचे पाय आणि छाती पाहावी. बास्केटखालच्या 1.25 मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाचाही विसर पडतो. बचावपटूचा एक पाय जरी त्यात असला, तरी हवेतून शॉट किंवा पास करणाऱ्या आक्रमकाविरुद्ध चार्जिंग देता येत नाही. आक्रमकाने हाताने ढकललं असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : पहिल्या क्वार्टरमध्ये सोडून दिलेला स्पर्श चौथ्यात फाउल कसा ठरतो?

उत्तर : खरी संदिग्धता इथे आहे. किरकोळ स्पर्शाला शिक्षा नाही. त्याने कुणाचा अनुचित फायदा झाला का, हे पंचांनी ठरवायचं असतं. ड्रिब्लरच्या (चेंडू टप्पे देत नेणाऱ्याच्या) कमरेवर हात टेकला, पण त्याचा वेग, तोल आणि दिशा तशीच राहिली, तर खेळ चालू ठेवणं योग्य. यांपैकी एक जरी बिघडलं तरी शिट्टी हवीच, मग मिनिट पहिलं असो वा शेवटचं. गुणफलक पाहून मोजपट्टी बदलणं आम्हाला अन्यायाचं वाटतं, कारण पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो आणि एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाल्यावर शॉट घेत नसलेल्या खेळाडूवरच्या बचावाच्या फाउललाही साधारणपणे दोन फ्री थ्रो (अडथळ्याविना शॉट) मिळतात. दोन्ही पंचांनी सामन्याआधी हँड-चेक (हात लावून अडवणं) आणि पोस्टमधली (बास्केटजवळची) ढकलाढकल कुठवर चालेल ते आपसांत ठरवून घ्यावं, आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांत शिट्टीने ते दाखवून द्यावं. प्रशिक्षकांनीही तेवढ्यात बचावपटूंचे हात आवरावेत.